शिष्यवृत्ती कशापायी देत्यात

एम.ए.चा निकाल लागून पंधरा दिवस झाले असतील. गुणपत्रिका आणायला मी निपाणीहून बेळगावला विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले होते. सरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि एक छापील कागद टेबलावरून पुढं सरकवला. संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी सरकारची शिष्यवृत्ती होती. तीन वर्षं मिळणार होती, आणि अर्ज पोचायची शेवटची तारीख चार दिवसांवर आली होती.

"तू भर हा," सर म्हणाले.

मी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. कोपऱ्यांना टाचणीची भोकं नव्हती. म्हणजे हा कागद बाहेरच्या फळ्यावर कधी लागलाच नव्हता. आमच्या वर्गात माझ्यापेक्षा जास्त गुण मिळवलेली दोन मुलं होती. दोघांची घरं सरांच्याच गल्लीत, गणपतीला एकमेकांकडं आरतीला जाणारी. त्यांना सोडून सरांनी मला का बोलवावं? मी "हो सर" म्हटलं, कागदाची घडी केली आणि बाहेर आल्याबरोबर जिन्यात उभी राहून तो पुन्हा वाचला. मागच्या बाजूला काही बारीक अक्षरात आहे का, तेही बघितलं.

हा माझा एकटीचा स्वभाव नव्हता. आमच्या घरात कुणी आपणहून काही दिलं की ते आधी उजेडात धरून बघायची रीत होती. आम्ही निपाणीच्या बौद्ध वस्तीतले. वडील मी शाळेत असतानाच गेले. आई तंबाखूच्या वखारीत चाळणीवर बसायची. सर बेळगावच्या जुन्या, वकील-मास्तरांच्या घराण्यातले. पांढरा शर्ट, काळ्या काड्यांचा चष्मा, हातात बारा महिने छत्री. समतेवर ते फार चांगलं बोलत. पहिल्यांदा त्यांच्या घरी वही द्यायला गेले होते, तेव्हा चहा आला आणि मी माझा कप बाकीच्यांच्या कपांशी ताडून बघितला. तोच होता, तसल्याच निळ्या नक्षीचा. तरी निघताना दारात चप्पल घालायला मुद्दाम वेळ लावला आणि कप कुठं नेऊन ठेवतात ते बघितलं. सगळे एकाच ताटलीत गेले. मी समाधानानं निघाले, आणि कोपऱ्यावर आल्यावर वाटलं, मी बघतेय हे त्यांना कळलं असेल तर?

विषयही सरांनीच सुचवला. "वखारीतल्या बायका काम करताना जे बोलतात, ते शब्द गोळा कर. तिकडं मराठी आणि कन्नड एकमेकांत कशी मिसळलीय हे आजवर कुणी नीट लिहिलेलं नाही. तुला ते आतून माहीत आहे." त्या वर्षी बाकीच्यांना संतांचे अभंग मिळाले, लावणी मिळाली, एकाला बखरी मिळाल्या. मला तंबाखू.

घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती.

"कशापायी देत्यात?"

"अभ्यासासाठी."

"कसला अभ्यास?"

"तुम्ही वखारीत काय बोलता, कुठले शब्द वापरता, त्याचा."

तिचा हात परातीतच थांबला. "आमी बोलतोय त्ये ऐकाय सरकार पैसं देतंय?"

"व्हय."

"मग त्येला कायतरी पायजे असणार."

मी तिला समजावून सांगितलं. तिनं ऐकलं, भाकरी तव्यावर टाकली, मग म्हणाली, "आन् उद्या परत मागितलं तर? कुटं सही करायची आसंल तर आदी मला वाचून दाव." तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. पण मी मोठ्यानं वाचायचं आणि तिनं माझ्या तोंडाकडं बघायचं, यावर तिचा फार भरवसा होता. अर्जातली प्रत्येक ओळ मी तिला मराठीत करून सांगितली. ‘मी दुसरीकडे कुठेही नोकरी करत नाही’ या ओळीपाशी तिनं मला दोनदा थांबवलं.

चार दिवसांत दाखले जमवणं म्हणजे तारांबळच. तालुक्याच्या कचेरीत माझं नाव कन्नडमध्ये एक, शाळेच्या दाखल्यावर मराठीत दुसरं आणि विद्यापीठाच्या कागदावर इंग्रजीत तिसरंच झालं होतं. तिन्ही मुली एकच आहेत असं लिहून घ्यायला आणखी एक कागद लागला. तो देणाऱ्या कारकुनानं विषय वाचला आणि विचारलं, "हे कुणी काढायला लावलं तुला?" पुढं मुलाखतीतही तसंच. टेबलापलीकडच्या चौघांपैकी एकानं हसत विचारलं, "म्हणजे शेवटी तुम्ही निपाणी कुणाची ठरवणार?" मराठी म्हटलं तर एक नाराज, कन्नड म्हटलं तर दुसरे. मी म्हटलं, "सर, मी फक्त बायकांचे शब्द लिहून घेणार आहे." तो माणूस हसायचा थांबला नाही. पण शिष्यवृत्ती मिळाली.

त्या वर्षांत आमच्या भागात कुणीही वही घेऊन दारात आलं की लोक आधी विचारत, कुठल्या बाजूचा? निपाणीच्या स्टँडजवळ चहाच्या गाड्यावर एका ओळखीच्या माणसानं मला थांबवून हळू आवाजात विचारलं, "ताई, मराठी शब्द जास्त निघत्यात न्हवं?" आठवडाभरानं एका कन्नड शाळेतल्या मास्तरांनी तोच प्रश्न उलटा करून विचारला. दोघांनाही मी "अजून मोजले नाहीत" असंच सांगितलं. दोघांचाही त्यावर विश्वास बसला नाही.

वखारीत बसायची परवानगी मी मुकादमाकडं स्वतः मागितली. आईला मध्ये घेतलं नाही. तो म्हणाला, "बस की आईशेजारी. कामात आडवी येऊ नगंस म्हंजी झालं." लांबलचक पत्र्याची शेड. बायका समोरासमोर रांगांत बसलेल्या, प्रत्येकीपुढं चाळणी, तोंडाला फडकं बांधलेलं. माल वाऱ्यानं उडू नये म्हणून खिडक्या बंद. तंबाखूचा खकाणा हवेत असा भरलेला असायचा की पत्र्याच्या भोकातून येणारा उन्हाचा पट्टा दोरीसारखा जाड दिसे. पहिल्या दिवशी मी खोकून खोकून बेजार झाले. बायका हसल्या, एकीनं आपल्या पदराचं टोक फाडून मला फडकं करून दिलं. मग मी वही उघडली आणि शेडमधलं बोलणं बंद झालं.

ते पुढं दोन आठवडे बंदच राहिलं. चाळण्यांचा आवाज तेवढा यायचा. मी वही मिटली की शेडच्या दुसऱ्या टोकाला कुजबुज सुरू व्हायची. त्यांचंही काही चुकत नव्हतं. युनियनचं बोलणं तेव्हा नुकतं कानावर यायला लागलं होतं. मालकाला कोण जाऊन काय सांगतं, यावर सगळ्यांची नजर होती. लिहिणारी पोरगी मालकानं बसवलीय, असा बायकांचा समज. आणि मालकाच्या माणसांचा समज नेमका त्याच्या उलट.

एका संध्याकाळी आई घरी आली ती पाणीसुद्धा न पिता बोलायला लागली. "मुकादमानं बोलावलंतं मला. तुजी लेक युनियनवाल्यांची हाय काय, म्हणून इचारलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्या म्हटलं, तिला सरकार पैसं देतंय. तर त्यो म्हंतोय, सरकार कशापायी देईल?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "उद्यापास्नं येऊ नगंस बाय. माजं काम जाईल."

मी दुसऱ्या दिवशी गेले, पण वही घरी ठेवून गेले. आईच्या शेजारी रिकामी चाळणी घेतली आणि चाळायला बसले. मजुरी मागितली नाही, त्यामुळं मुकादमाचीही तक्रार राहिली नाही. महिनाभर मी रोज नुसतं काम केलं. शब्द डोक्यात साठवायचे आणि घरी जाऊन वहीत उतरवायचे. आई कंदिलाची काच पुसून देई आणि माझ्या पलीकडं बसून राही, मी नेमकं काय लिहिते त्यावर पहारा ठेवल्यासारखी.

वखारीत सगळ्यांत वयस्कर एक बाई होती. सगळ्या तिला थोरली आक्का म्हणत. दात पडलेले, आवाज मात्र खणखणीत. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन बसली. "आईकडनं कळलंय, घरी जाऊन लिवतीस म्हणं. उद्या वही आण. आन् आमच्याम्होरं वाच."

दुसऱ्या दिवशी मी वाचलं. पन्नासेक बायका भाकऱ्या हातात धरून ऐकत होत्या. ‘पुरे’ म्हणायच्या जागी तुम्ही ‘साकू’ म्हणता. मुकादमाला बोलवायचं असलं की मराठी, त्याला ऐकू जाऊ नये असं बोलायचं असलं की कन्नड. मग मी खोकल्याचं पान वाचलं. नव्या पोरीला पहिल्या वर्षी जो खोकला लागतो त्याला तुम्ही ‘पाव्हणा’ म्हणता. आणि जुन्या बाईचा जो कधीच जात नाही, त्याला ‘घरधनी’.

बायका खो खो हसल्या. हसता हसता निम्म्याजणी खोकायला लागल्या आणि त्यावर बाकीच्या आणखी हसल्या. थोरली आक्का म्हणाली, "बराबर लिवलंईस. पर पाव्हणा पयल्या वरसाचा न्हाय गं. पयल्या पावसाळ्यापत्तोर. मग त्यो ऱ्हायालाच येतोय." मी तिथंच दुरुस्ती केली. त्या दिवसानंतर माझ्यासमोर कुणी गप्प बसलं नाही. उलट काही सांगून झालं की "लिवलंस काय?" म्हणून दटावायच्या.

दर तीन महिन्यांनी मी सरांना अहवाल द्यायची. बेळगावला मुक्काम शहापुरात असे. एका विणकराच्या घराच्या वरच्या खोलीत, खाली दिवसभर माग चालू. खोकल्याचं पान सरांनी वाचलं तेव्हा चष्मा काढला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "हे फार मोठं आहे. तुला कळतंय का, किती मोठं आहे?" मला आनंद व्हायला हवा होता. तो झालाही, शिडीच्या जिन्यावरून शहापुरातल्या खोलीत चढेपर्यंत. मग मनात आलं, मोठं आहे तर कुणासाठी?

दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर ते घडलं. मी तीन दिवस बेळगावला राहून निपाणीला परतले होते. वखारीत बसल्याबसल्या थोरली आक्का म्हणाली, "तुजा सर आलता परवा."

"कुठं?"

"हितंच. मालकाच्या गाडीतनं उतरला. तू सांगतीस तसली छत्री हुती बग हातात."

"काय म्हणाले?"

"आमच्यासंगं काय न्हाय. दारात हुबा राहून बगितलं, नाकाला रुमाल. मालकासंगं इंग्रजीतनं बोलला आन् गेला."

मी त्याच तीन दिवसांत सरांना दोनदा भेटले होते. त्यांनी त्यातलं अवाक्षर काढलं नव्हतं. मी बेळगावला असताना त्यांनी निपाणीला यावं, तेही मालकाच्या गाडीतून? चाळणीवरचा माझा हात चालत होता, पण आक्का पुढं काय म्हणाली ते माझ्या वहीत नाही.

पुढच्या खेपेला मी विभागात गेले तेव्हा टंकलेखकाच्या खुर्चीवर कुणी नव्हतं. तो चहाला गेला होता. यंत्रात अर्धवट टंकलेलं पान होतं, शेजारी झालेल्या पानांची चळत. असं दुसऱ्याचं वाचू नये हे मला कळत होतं. तरी मी वाकून वाचलं. इंग्रजी होतं. माझं इंग्रजी तेव्हा अडखळतच चाले, पण ‘पाहुणा’ आणि ‘घराचा मालक’ या दोन शब्दांची इंग्रजी मला येत होती आणि ते दोन्ही त्या पानावर होते, खोकल्याच्या वाक्यात. चळतीतलं वरचं पान उचललं. दिल्लीच्या एका मोठ्या संस्थेकडं संशोधन प्रकल्पासाठी अनुदानाचा अर्ज. प्रकल्पाचं नाव माझ्याच विषयाचं, थोडं लांबवलेलं. प्रमुख संशोधक म्हणून सरांचं नाव. मी भराभर पानं उलटली. माझ्या अहवालातली वाक्यं मला एकामागून एक भेटत गेली, अनोळखी कपडे घातलेल्या ओळखीच्या माणसांसारखी. माझं नाव कुठं दिसलं नाही. जिन्यात पावलं वाजली, मी पानं ठेवली आणि बाहेर आले. चळतीतली शेवटची काही पानं बघायची राहिली होती.

त्या दिवशी निपाणीच्या गाडीत खिडकीशी बसून मी सगळं जुळवलं. फळ्यावर न लागलेला कागद. चार दिवसांवर आलेली शेवटची तारीख. स्वतः न जाता तिथं बसवायला त्यांना मीच का लागले. मालकाची गाडी. संकेश्वर येईपर्यंत माझ्या मनात शंका उरली नव्हती. मी सरांचे कान-डोळे होते. वखारीत त्यांना कुणी बसू दिलं नसतं, म्हणून त्यांनी मला बसवलं होतं.

दोन दिवसांनी निपाणीच्या पोस्टात, बाकावर शब्दकोश मांडीवर घेऊन मी दिल्लीला पत्र लिहिलं. हे काम माझं आहे, वह्या माझ्याकडं आहेत, अर्जात माझं नाव नाही. खाली सही केली. निनावी पाठवायचा विचार एकदा आला होता, तो मी केला नाही, एवढंच माझ्या बाजूचं आज सांगता येतं. पत्र रजिस्टर केलं. आईला यातलं काही बोलले नाही. कुठं सही करण्याआधी तिला वाचून दाखवायचं, हे त्या एकाच वेळी मोडलं.

महिन्याभरानं सरांनी मूळ वह्या मागितल्या.

"वखारीत पाणी शिरलं सर. भिजल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

त्यांनी माझ्याकडं जरा जास्त वेळ बघितलं. "वाळव मग. शाई पसरली तरी वाचता येतं." वह्या तेव्हा शहापुरातल्या खोलीत माझ्या ट्रंकेत होत्या, साड्यांच्या खाली, कोरड्या ठणठणीत.

आणखी काही आठवड्यांनी विभागातला शिपाई खाली वाचनालयात मला शोधत आला. सरांच्या खोलीत फाइल उघडी पडली होती. वर दिल्लीचं पत्र आणि त्याला जोडलेली माझ्या पत्राची नक्कल. माझं ते शब्दकोशातलं इंग्रजी, खाली माझी सही.

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"बस," ते म्हणाले. मग फाइलीतलं शेवटचं पान काढून माझ्यापुढं ठेवलं. "वाच."

त्या पानावर संशोधन सहायक म्हणून माझं नाव होतं. शिष्यवृत्ती संपल्यावर पुढची दोन वर्षं. त्याच्या खाली आणखी एक कलम होतं. वखारीतल्या सगळ्या बायकांची छाती तपासायला डॉक्टर आणायचा, एक्स-रेची गाडी आणायची, आणि त्यांच्या शब्दांबरोबर त्यांच्या फुप्फुसांचीही नोंद करायची.

"गाडी आत घ्यायची तर मालकाची परवानगी लागते," सर म्हणाले. "त्याच्या हातापाया पडून आलो होतो मी. तो तयार झाला होता."

"सर, मला का नाही सांगितलं?"

"मंजूर झाल्यावर सांगणार होतो. न होणाऱ्या गोष्टीची आशा कशाला लावायची, म्हटलं." त्यांनी छत्रीची मूठ उगाच सरळ केली. "आणि तुला विचारावं हे मला सुचलं नाही. हेही खरं आहे."

मी ते पान हातात धरून बसले होते. आणि त्याही क्षणी मला दिसलं की हे पान बाकीच्या पानांपेक्षा जास्त पांढरं आहे. त्यावरची अक्षरंही जास्त काळी होती, नवी रिबीन घातल्यावर येतात तशी. हे पान तेव्हा त्या चळतीत होतं, की माझं पत्र परत आल्यावर टंकलं गेलं? मी मान वर करून सरांकडं बघितलं. मला काय दिसलंय ते त्यांना कळलं, असं मला वाटलं. त्यांनी हात पुढं केला. मी पान परत दिलं.

बाहेर आल्यावर मी टंकलेखकाला विचारलं. मधल्या वयाचा, घरी कन्नड बोलणारा, मराठी सावकाश बोलणारा माणूस. "ते शेवटचं पान तुम्ही कधी टंकलंत?" त्यानं चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "मी बोटानं टाइप करतो बाई. डोक्यात ठेवत नाही." त्याचं उत्तर खरं होतं की त्याला तसं सांगायला सांगितलं होतं, हे मला आजही माहीत नाही.

दिल्लीहून शेवटी एका ओळीचं उत्तर आलं. अर्ज विचारात घेता येत नाही. कुणाला दोष नाही, कुणाला खुलासा नाही. सरांनी माझं मार्गदर्शन सोडत असल्याचं पत्र विद्यापीठाला दिलं आणि त्यात कारणाच्या जागी ‘कामाचा ताण’ असं लिहिलं. मला दुसरे मार्गदर्शक मिळाले, त्यांनी माझं एकही पान वाचलं नाही, त्यामुळं माझं एक वर्ष वाढलं. विभागात मी शिरले की बोलणं तुटायचं. त्यातल्या एका प्राध्यापकांनी मात्र मला व्हरांड्यात गाठून सांगितलं, "बरं केलंस. कुणीतरी करायलाच हवं होतं." त्यांचा आणि सरांचा विभागप्रमुखपदावरून जुना वाद होता. त्यांच्या त्या शाबासकीनं मला जेवढी लाज वाटली, तेवढी सरांच्या शांतपणानंही वाटली नव्हती.

प्रबंध पुरा झाला. पदवी मिळाली आणि ऐंशी साल उलटल्यावर मला आमच्याच भागातल्या एका महाविद्यालयात अधिव्याख्यात्याची जागा मिळाली. आईला मी वखारीतून काढलं, ती मोठ्या नाखुशीनं निघाली. प्रबंधाची एक प्रत मी सरांना पोस्टानं पाठवली, प्रस्तावनेत त्यांचे आभार मानलेले. दोन महिन्यांनी ती परत आली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शिसपेन्सिलीनं मुद्रणदोष दाखवलेले, ऱ्हस्व-दीर्घासकट. सोबत चिठ्ठी नव्हती. पाव्हणा आणि घरधनीच्या पानावर मात्र एकही खूण नव्हती, आणि त्या पानावर दोन चुका होत्या, मला नंतर सापडलेल्या.

वखारीत मी मध्ये मध्ये जात होते, पण त्या बायकांना मी ही गोष्ट सांगितली नव्हती. एका रविवारी थोरली आक्का तिच्या घराच्या पायरीवर बसलेली दिसली. तिचंही काम सुटलं होतं. दम लागायचा, म्हणून ती वाक्य तोडून तोडून बोलायची. मी शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. सर तेव्हा का आले होते ते. डॉक्टर येणार होता ते. एक्स-रेची गाडी. माझं पत्र. माझ्यामुळं ते सगळं बंद पडलं, हे.

तिनं मध्येच थांबवलं नाही. सगळं झाल्यावर विचारलं, "त्यो डाक्टर... मालकाच्या परवानगीनं येणार हुता न्हवं?"

"व्हय."

"मग त्येनं कागदावर काय लिवलं आसतं?"

उत्तराची वाट न बघता तिनंच पुढं सांगितलं.

"लिवलं आसतं, समद्या बाया ठणठणीत हायत्या. आन् त्यो कागुद मालकानं फ्रेम करून लावला आसता." ती हसली आणि हसण्यातून खोकल्यात गेली. खोकला थांबायला बराच वेळ लागला. मी तिची पाठ चोळत राहिले. माझी समजूत काढायला ती तसं म्हणाली, की तिला खरंच तसं वाटत होतं? तिचा चेहरा बघून मला ते ठरवता आलं नाही. आणि तिचं म्हणणं खरं निघालं असतं, तरी सरांनी मला फसवलं होतं की मी सरांना, याचा हिशेब त्यानं सुटत नव्हता.

"आक्का, उद्या माझ्याबरोबर चल," मी म्हटलं. "बेळगावला. मोठ्या सरकारी दवाखान्यात."

"कशापायी?"

"छाती दाखवायला."

"तुला काय पायजे त्यातनं?" तिनं विचारलं. ते चेष्टेत नव्हतं. ती माझ्याकडं तशीच बघत होती, जसं मी आयुष्यभर इतरांकडं बघत आले.

"काय नको," मी म्हटलं. "वही पण आणणार न्हाय."

सोमवारी सकाळी आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. दवाखान्यात रांग मोठी होती, बाकावर जागा नव्हती, ती भिंतीला टेकून खाली बसली. डॉक्टरीणबाई तरुण होती. कन्नडमधून तिनं विचारलं, खोकला किती दिवसांपासून आहे. आक्कानं मोजायचा प्रयत्न केला. धाकटी लेक पोटात होती तेव्हापासून, असं ती कन्नडमधूनच म्हणाली. त्या लेकीचं वय विचारून डॉक्टरीणबाईनं ते कागदावर लिहिलं. आक्कानं मान वळवून मला खुणावलं. "काय लिवलं त्ये वाच," ती म्हणाली. मी वाकले आणि डॉक्टरीणबाईच्या समोरच तिला तो कागद मोठ्यानं वाचून दाखवला.